टाकीवाले

माझ्या ब्लॉगवर प्रत्येक कथेखाली न चुकता एकच प्रतिक्रिया यायची : ‘खूप छान माहिती! पाण्याची टाकी धुऊन हवी असल्यास फोन करा.’ बाबा गेले तेव्हा त्यांच्यावर लिहिलं, टाकीवाल्यांना तीही माहिती खूप छान वाटली.

मग प्रकाशक भेटले. म्हणाले, “आधी तो ब्लॉग बंद करा. फुकट मिळतंय तोवर विकत कोण घेणार?”

केला बंद. पुस्तक आलं. मित्रांनी माझ्यासोबत फोटो काढले. ताईने तर कौतुकाने, वरचं प्लॅस्टिकही न काढता, पुस्तक शोकेसमध्ये ठेवलं. आतल्या एकाही ओळीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

शेवटी न राहवून टाकीवाल्यांना फोन लावला. नंबर पाठच होता.

“बोला साहेब, टाकी किती लिटरची?”

“टाकी नाही हो, मी ब्लॉगवाला. माझं पुस्तक आलंय.”

“अरे! ते वडिलांवर लिहिणारे तुम्हीच ना? अभिनंदन!”

“हो. ब्लॉग मात्र बंद केला.”



“पण साहेब, मग आता आम्ही लिहायचं कुठे?”