सासऱ्यांचं मत

लग्नाला चार वर्षं झाली, तरी सासरे मला 'गाढव' म्हणूनच हाक मारतात. हॉस्पिटलात नाकात ऑक्सिजनची नळी होती, धाप लागत होती, तरी तेवढा एक शब्द त्यांनी दम साठवून उच्चारलाच.

सिस्टरने ऑक्सिजन दोनवर ठेवला होता. मला तो कंजूषपणा वाटला. तिची पाठ वळल्यावर मी नॉब फिरवून आठवर नेला. होऊ दे खर्च.

अर्ध्या तासात सासऱ्यांच्या चेहऱ्यावर लाली आली. त्यांनी चक्क माझा हात हातात घेतला. "जावईबापू, तुमच्याइतका हुशार माणूस मी जन्मात पाहिला नाही," असं म्हणून ते पेंगायला लागले. माझे डोळे भरून आले.

बायको किंचाळली, "सिस्टर, धावा! बाबा बरळतायत!"

सिस्टरने आधी नॉबकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, यांची फुप्फुसं जुनी दुखणाईत. जास्त ऑक्सिजन दिला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. आधी माणूस बरळतो, मग झोपतो, मग उठतच नाही."

तिने ऑक्सिजन कमी केला, श्वासाचं मशीन लावलं. दोन तास बायकोने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी सासऱ्यांनी एक डोळा उघडून मला नीट न्याहाळलं. मास्कमधून आवाज आला, "हे गाढव अजून इथंच?"

सिस्टरने सुटकेचा निःश्वास टाकला आणि फाइलमध्ये लिहिलं, 'रुग्ण पूर्ण शुद्धीवर. माणसं बरोबर ओळखतात.'