दादाचा कमरपट्टा

इश्निकचा नवरा गेल्या उन्हाळ्यात वारला. त्याचाच हरणाच्या कातड्याचा कमरपट्टा बांधून आज धाकटा दीर यशून दगडी मैदानात उतरला होता.

या खेळात जड रबरी चेंडू फक्त कमरेनेच परतवायचा असे, त्यामुळे खेळाडू घरी यायचे ते काळेनिळे होऊनच. इश्निकने सवयीने पाला वाटून ठेवला होता.

यशून हसतच आला. "वहिनी, जिंकलो! पण गंमत ऐक. चेंडू माझ्या अंगाला लागायच्या आधीच उलटा फिरायचा."

"थापा पुरे. वळ, लेप लावते."

त्याने पट्टा सोडला. कमरेवर साधा ओरखडाही नव्हता.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या नवऱ्याच्या रिकाम्या चटईवर कुणीतरी कण्हत कूस बदलली.

यशून जागीच थिजला. इश्निकने लेपाची वाटी उचलली.

"आले हं," ती म्हणाली.