रस्त्यावरून दिसेल असा

"बोला, सिस्टर ओडेसा," पास्टर बोलर हळूच म्हणाले. "सगळे तुमच्यासाठीच थांबलेत."

ओडेसा मेफील्ड माइकपाशी उभी होती. काउंटी कौन्सिलचं सभागृह गच्च भरलं होतं. डावीकडे तिच्या चर्चची काळी मंडळी, छातीवर टेरेलचा फोटो लावलेली. उजवीकडे मिस्टर गँट आणि त्यांचे गोरे दोस्त, हाताची घडी घालून बसलेले.

प्रश्न एवढाच होता: सरकारी मैदानावर शनिवारी भरणाऱ्या बाजारात कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेचा, विकू द्यायचा की नाही. मोठ्या दुकानांनी तो केव्हाच विकायचं सोडलं होतं. आता पंचक्रोशीत तो मिळायचा फक्त गँटच्या स्टॉलवर.

टेरेल ओडेसाचा एकुलता एक. गेल्या वर्षी दिवेलागणीला फेरी रोडवर त्याची गाडी बंद पडली. मदत मागायला त्यानं वेड हॅम्लिनचं दार वाजवलं आणि हॅम्लिननं आतूनच गोळी झाडली. 'मी घाबरलो होतो,' असं तो कोर्टात म्हणाला. ज्यूरीनं ते मानलं. तेव्हापासून चर्चमध्ये एकच वाक्य घोळत होतं: पोराला त्या झेंड्यानं मारलं. बंदीच्या ठरावाला टेरेलचंच नाव दिलं होतं. मतं निम्मी इकडे, निम्मी तिकडे. कुंपणावर बसलेल्या एका सभासदाला फक्त आईचं म्हणणं ऐकायचं होतं.

"मी शाळेची बस चालवते," ओडेसा म्हणाली. "रोज मुलं बसतात माझ्यामागे. त्यांच्यासाठीच सांगते. विकू द्या तो झेंडा. ज्याला लावायचाय त्याला लावू द्या. आणि माझ्या पोराचं नाव तेवढं यातून काढा."

उजवीकडून कुणीतरी टाळी वाजवली आणि स्वतःच दचकून थांबलं. ठराव एका मतानं पडला.

बाहेर गाड्यांपाशी धाकट्या बहिणीनं, व्हर्नेलनं, तिला गाठलं.

"कुणी घेतलं गं तुला विकत? त्या गँटनं?"

"कुणी नाही."

"हॅम्लिनच्या दारात काय फडकतं, ठाऊक नाही तुला? अगं, त्याच रस्त्यानं बस नेतेस ना तू?"

"नेते. त्या रस्त्यावरचं दार न् दार ठाऊक आहे मला."

"मग टेरेलच्या थडग्यावर फुलं घेऊन येऊ नकोस आता. त्याला तोंड कुठलं दाखवशील?"

ओडेसानं गाडीत बसून किल्ली फिरवली.

बुधवारी चर्चमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण असे. ओडेसाचा ओव्हनमध्ये भाजलेला रताळ्याचा गोड 'पाय' तिथे सर्वांत आधी संपायचा; पोरं ताटली पुसून खायची. त्या बुधवारी त्याला कुणी सुरी लावली नाही. उचलून ती निघाली, तेव्हा पास्टर दारापर्यंत आले.

"क्षमा करायला प्रभूही सांगतो, सिस्टर. पण ही क्षमा नव्हे."

"नाहीच, पास्टर," ती म्हणाली. "क्षमा मी केलेलीच नाही."

शनिवारी ती गँटच्या स्टॉलपुढे उभी राहिली. गँट लगबगीनं उठला.

"या, या, मिस ओडेसा! सावलीत या. तुमच्यासारखी समजूतदार माणसं असती ना, तर ही भांडणंच झाली नसती."

"झेंडा हवाय."

गँटचं हसू ओठांवरच वाळलं. "जाळायला?"

"लावायला. ऊन-पाऊस सोसेल असा. रस्त्यावरून दिसेल असा. अंधारून आलं तरी."

"माझे पणजोबा थडग्यात कूस बदलतील आज!" गँट खाली वाकला आणि त्यानं एक मोठं, जाड कापड ओढून काढलं. "हा बघा. गाडीचा दिवा पडला की चमकतो. आंधळ्यालाही दिसेल."

"हाच द्या."

"असाच न्या हो. तुमचा हक्क आहे."

"फुकट नको." तिनं पैसे मोजून टेबलावर ठेवले. "पुढेही मिळेल ना? कुणी उतरवला तर दुसरा लागेल."

"तुमच्याच कृपेनं तर स्टॉल चालू आहे. हवे तेवढे न्या."

कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो गावभर झाला. व्हर्नेलचा एकच मेसेज आला: 'आई आधीच गेली ते बरं झालं.'

रविवारी ओडेसा चर्चला गेली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. गाडी चर्चवरून गेली तेव्हा आत गाणं सुरू झालं होतं. पायऱ्यांवर उभ्या असलेल्या व्हर्नेलनं तिला पाहिलं आणि पाठ फिरवली.

ओडेसानं गाडी फेरी रोडला वळवली. या वेळी अख्खी काउंटी कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये असते. हॅम्लिनच्या अंगणातही गाडी नव्हती. फाटकालगतचा लोखंडी खांब रिकामा होता, दोरी मात्र तशीच लोंबत होती. तिनं घडी उलगडली, दोन्ही कोपरे दोरीला बांधले, गाठी पुन्हा ओढून पाहिल्या आणि झेंडा पार टोकापर्यंत चढवला.

मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन तिनं वर पाहिलं. वळणावरून चालत येणाऱ्याला तो आधी दिसेल, दार नंतर.

मोठ्या दुकानांनी झेंडा टाकला त्याच सुमारास, टेरेल जायच्या आधीच, हॅम्लिननंही आपला गपचूप उतरवून ठेवला होता, चार लोकांत बरं दिसावं म्हणून. हे बसमधून तिनं पाहिलं होतं आणि तिला बरंही वाटलं होतं. टेरेलला लायसन्स मिळालं, त्या दिवशी तिनं त्याला बजावलं होतं: वाटेत अडलास तर तो झेंडा असलेल्या दारी जाऊ नकोस, बाळा, पुढे चाल. टेरेल गुणी पोर. गाडी बंद पडली त्या संध्याकाळी एकेक झेंड्याचं घर टाळत तो इथवर चालत आला होता.