वाट बंद व्हायच्या आधी

"पाय काढा! ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा म्हणतोय ना!"

क्लेम ओरडेपर्यंत मागची चाकं वाळूत निम्मी रुतली होती. मॉइराने इंजिन बंद केलं. वाळूच्या टेकडीचा तांबडा माथा दहा हातांवर होता आणि काचेतून नुसतं आभाळ दिसत होतं.

"तुम्हीच म्हणालात, जोर लावा."

"खाली असताना. चाकं रुतायला लागल्यावर नाही. उतरा, फावडं घ्या."

"गिऱ्हाईक मी आहे."

"घरी असाल. वाळूला सगळे सारखेच. उतरा."

तिने फावडं मारलं. तो सावलीत उभा राहून माश्या वारत बघत होता. मग त्याने तिलाच टायरमधली हवा आणखी कमी करायला लावली. मापाचा काटा तिने चुकीचा वाचला, तसं पुन्हा वाचायला लावलं. गाडी सावकाश मागे घेऊन तिने दुसऱ्यांदा टेकडी चढवली. माथ्यावर क्षणभर चाकं तरंगल्यासारखी झाली आणि पलीकडे पुढची टेकडी दिसली. तिच्यामागे आणखी एक. अशा अकराशे.

बुधवारी निघाल्यापासून त्याने स्टिअरिंग तिच्याच हातात दिलं होतं. बाकीचे वाटाडे गिऱ्हाइकाला दाराची काचसुद्धा खाली करू देत नाहीत.

"मी मेलो वाटेत, तर काय कराल?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "रडत बसाल?"

"रडणार तर नाही."

"ते दिसतंय. म्हणून म्हणतो, शिका."

शिकणं तिलाही हवंच होतं, म्हणून ती ऐकून घेत होती.

क्लेमने ओळखू नये म्हणून तिने माहेरचं आडनाव लावलं होतं. चार वर्षांपूर्वी तिचा मुलगा रोरी क्लेमच्याच सफरीत दुसरी गाडी चालवत होता. सव्वीस वर्षांचा. त्या गाडीचा आस तुटला. क्लेम त्याला म्हणाला, इथंच बस, संध्याकाळपर्यंत येतो. आणि पाण्याची पिंपं असलेली गाडी घेऊन गेला. तो परतला तिसऱ्या दिवशी. तोवर पोरगा पाण्यावाचून गेला होता. मिठाच्या तळ्यात आपलीच गाडी फसली होती, असं त्याने चौकशीत सांगितलं. कुणाचा दोष नाही, असा निकाल लागला. चौकशीला मॉइराचा नवरा गेला होता. ती तेव्हा अंथरुणातून उठतच नव्हती. उठली, ती एकच विचार घेऊन.

आज नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार. इकडचा उन्हाळा डिसेंबरात लागतो, म्हणून सोमवारपासून ही वाळवंटातली वाट बंद. मग साडेतीन महिने इकडे एकही चाक फिरणार नव्हतं.

दुपारी टेकड्यांच्या मधल्या सपाटीवर एक वाळकं झाड दिसलं. रोरी त्याच्याच खाली सापडला होता; फोटोत तिने ते हजारदा पाहिलं होतं. इथं थांबायला काय सबब सांगायची, ते ती तीन दिवस घोकत आली होती.

"इथं थांबवा," क्लेमच म्हणाला. "पाय मोकळे करतो."

तो उतरून झाडाकडे चालत गेला. मॉइरा जागेवरच बसली. इंजिन चालू होतं. तिने आतून दारं लावून घेतली आणि काच चार बोटं खाली केली.

"क्लेम!"

तो वळला.

"रोरीची आई आहे मी."

त्याने टोपी काढली.

"त्याला काय सांगून गेला होतास? संध्याकाळपर्यंत येतो, ना?"

"हो."

"मग तूही बस. मीही येते संध्याकाळपर्यंत."

तिला वाटलं होतं, तो धावत येईल, काचेवर हात आपटेल, शिव्या तरी देईल. त्यासाठी तिने मागच्या पान्यांतला सगळ्यात मोठा पाना सीटखाली आणून ठेवला होता. क्लेम झाडाच्या बुंध्याला टेकून खाली बसला आणि त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"खडी लागली की टायरमध्ये हवा भरून घ्या," तो म्हणाला. "नाहीतर फुटतील."

अजून खोटंच वाटतंय ह्याला, तिच्या मनात आलं. या बेफिकिरीचा तिला इतका संताप आला की उरलीसुरली चलबिचलही संपली. तिने गिअर टाकला. पहिल्या टेकडीवरून तिने आरशात पाहिलं. तो तसाच बसला होता. दुसरीवरून झाड तेवढं दिसलं. तिसरीवरून काहीच नाही.

उजेड असेतो ती चालवत राहिली. एकदाही रुतली नाही. शनिवारी दुपारी वाळू संपून खडी लागली. तिने उतरून चारही चाकांत हवा भरली. तेवढ्यात सांगायचं सगळं पुन्हा जुळवलं: तो काल सकाळी फिरायला म्हणून गेला, मी हाका मारल्या, दिवसभर शोधलं, मग घाबरून निघाले.

वाटेच्या टोकाला गुरं पाळणाऱ्यांची एक वस्ती होती. तिथली नोलीन नावाची जाडजूड बाई कुत्र्यांना हाकलत फाटकाशी आली. मॉइराने डोळ्यांत पाणी आणलं आणि काच खाली केली.

"अहो, आमचा वाटाड्या..."

"आधी उतरा तरी, रोरीच्या आई. चहा टाकलाय," नोलीनने फाटक उघडलं. "क्लेमचा फोन आला होता सोमवारीच, तुम्ही निघायच्या आधी. म्हणाला, पोचतील तेव्हा त्या एकट्याच असतील, त्यांना काही विचारू नकोस."