तडजोडीनंतरचा शनिवार

फोनची बॅटरी जास्त वेळ टिकवायची एक युक्ती माझा नवरा आरतो आणि त्याचा धाकटा भाऊ यार्मो यांनी एकाच कंपनीत असताना मिळून शोधली होती. पेटंटवर दोघांचीही नावं आहेत. पुढे यार्मो दुसऱ्या फोन कंपनीत गेला आणि आरतोच्या कंपनीनं त्याच युक्तीवरून त्या कंपनीला कोर्टात खेचलं. वकिलांनी दोघांनाही बजावलं, कामाबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढायचं नाही.

आमच्या उत्तरेकडच्या, बर्फाळ ओउलू शहरात माणसं मुळातच कमी बोलतात. त्यात हे दोघे म्हणजे दर शनिवारी सौनाच्या तापलेल्या लाकडी खोलीत वाफ घेत तासभर मुकाट बसणारे. पण खटला सुरू झाला आणि आतून अखंड बडबड ऐकू यायला लागली. बर्फ, मासे, शेजाऱ्यांचा कुत्रा, काहीही. बाहेर आले की दोघेही नुसते दमलेले, आणि एकमेकांची नजर चुकवणारे.

गेल्या आठवड्यात कंपन्यांची तडजोड झाली. दोन्ही कंपन्यांनी एकमेकांची पेटंटं वापरायची, खटला मागे घ्यायचा. शनिवारी यार्मो आला, दोघे सौनात शिरले, आणि आतून चकार शब्द नाही. बराच वेळ झाला तसा मला धसकाच बसला. शेवटी मी दार उघडलं.

"काय रे, भांडलात की काय?"

"दार लाव गं, वाफ चाललीय," आरतो म्हणाला.

यार्मो हसला. "नाही वहिनी, मिटलं सगळं. आता कुठे जरा गप्प बसता येतंय."