वीस हवे

‘खालच्या उजव्या कुंपणाच्या कोपऱ्यात एकोणीस छापले आहे. तिथे वीस हवे. कृपया दुरुस्ती द्यावी.’

पोस्टकार्ड वाचून दौलतराव दारातच उभे राहिले. या आठवड्याचं कोडं त्यांनी चार वेळा तपासलं होतं. त्यात चूक असणं शक्यच नव्हतं. आणि असलीच, तर सगळं संपलं होतं.

रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून अठ्ठ्याऐंशी साली निवृत्त झाल्यापासून दौलतराव ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत एकटेच होते. पत्नी आधीच गेलेली, मुलगी हेमा लग्न होऊन भिलाईला. रिकामा वेळ खायला उठायचा. म्हणून डोंबिवलीच्या एका साप्ताहिकात त्यांनी आकड्यांचं कोडं द्यायला सुरुवात केली. एक्क्याऐंशी घरं. आडव्या-उभ्या प्रत्येक ओळीत एक ते नऊ, प्रत्येक आकडा एकदाच. आयता आकडा एकही द्यायचा नाही. दोन-तीन घरांभोवती तुटक रेषेचं कुंपण आणि कोपऱ्यात त्या घरांची बेरीज, बस्स. तेवढ्यावरून सोडवायचं.

पहिली वीस कोडी बिनचूक निघाली. कुत्रंही फिरकलं नाही. बरोबर असलेल्या माणसाला पत्र लिहितो कोण? एकविसाव्या कोड्यात एक बेरीज चुकली आणि कळव्याहून कार्ड आलं. खाली सही: विमलाबाई पाटकर, निवृत्त गणित शिक्षिका. चूक नेमकी दाखवलेली आणि मागच्या बाजूला अख्खं कोडं सोडवून बारीक अक्षरात उतरवलेलं.

एकटा पडलेला माणूस लबाडी लवकर शिकतो. पुढच्या कोड्यात दौलतरावांनी मुद्दाम एक बेरीज चुकवली. कार्ड आलं. मग दर आठवड्याला एक चूक आणि दर मंगळवारी एक कार्ड, असं सुरूच झालं. दुरुस्तीखाली हळूहळू एखादी जास्तीची ओळ येऊ लागली. कळव्यात दोन दिवस पाणी नाही. जिन्याखाली मांजर व्यायली. यंदा तिळगूळ केला नाही, खायला आहे कोण? विजेची बिलं अडकवायच्या तारेला आता नुसती कार्डंच दिसत होती.

मागच्या आठवड्यात मात्र संपादक जगनने त्यांना बोलावून घेतलं.

“काका, अजून एक चूक छापली ना, तर सदर बंद. लोक हसतात आपल्याला.”

“लोक कुठले रे? एकच तर बाई आहेत.”

“त्या एकच बस झाल्या, काका.”

चूक केली तर सदर जाणार, नाही केली तर कार्ड. सदर गेलं की दोन्ही जाणार. दौलतरावांनी जड मनाने बिनचूक कोडं दिलं. या मंगळवारी पोस्टमनची वाट पाहायची नाही, असं ठरवून ते आत बसून राहिले होते. तरी कार्ड आलंच.

त्यांनी चष्मा पुसला, कोऱ्या कागदावर चौकट आखली आणि आपलंच कोडं परक्यासारखं सोडवायला घेतलं. दोन घरांची बेरीज तीन, म्हणजे एक आणि दोन. सतरा, म्हणजे आठ आणि नऊ. तीन घरं मिळून चोवीस, म्हणजे सात, आठ, नऊ. खोडरबराने कागद मळला, चहावर साय धरली. शेवटी तक्रारीचं कुंपण आलं. तिन्ही घरं भरली. चार, सात, आठ. एकोणीस.

पुन्हा पहिल्यापासून सोडवलं. एकोणीसच.

मग बाई कशा चुकल्या? बाई कधी चुकत नव्हत्या. दौलतरावांनी कार्ड उलटलं. नेहमीप्रमाणे अख्खं कोडं सोडवलेलं होतं. शेवटच्या तीन घरांत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ४, ७, ८.

त्यांनी कार्ड पुन्हा सुलट केलं. दुरुस्तीखाली एक जास्तीची ओळ होती. मघाच्या घाबरगुंडीत ती वाचायची राहिली होती.

‘या वेळी चूक शोधायला फार वेळ लागला.’

दौलतरावांना आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. आजवर त्यांनी बाईंना एक अक्षरही लिहिलं नव्हतं. आभार मानायचे ते साप्ताहिकातूनच, छापील. आज ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि पोस्टातून एक कोरं कार्ड घेऊन आले.

‘श्रीमती विमलाबाई यांस, सा. न. वि. वि. ही दुरुस्ती छापता येणार नाही, म्हणून रविवारी चार वाजता समक्ष येतो. आपलंच बरोबर आहे. चार, सात आणि आठ मिळून वीसच होतात.’