खारातला बटाटा

बायकोचा हात प्लास्टरमध्ये. त्यामुळे यंदा खारातल्या कैऱ्या मी घालत होतो आणि ती खुर्चीत बसून हुकूम सोडत होती.

“मीठ किती?” मी वजनकाटा पुढे ओढला.

“काटा राहू द्या. पाण्यात बटाटा टाका.”

बटाटा तळाशी गेला.

“कमी आहे. घाला अजून.”

चार मुठी मीठ विरघळल्यावर बटाटा हळूच वर येऊन तरंगायला लागला.

“बास. आता कैऱ्या वर्षभर टिकतील.”

आजवर हिच्या मिठाला मी अंदाजपंचे म्हणत आलो होतो.

“तुला हे कुणी शिकवलं?”

“आईनं. ती शाळेत गेली नव्हती.”

मी तीस वर्षं आठवीला घनता शिकवली. “सर, याचा उपयोग काय?” असं कुणी विचारलं, की त्याला बाकावर उभं करायचो.